मरळ-पापलेट परवडत नाही? मराठवाड्याच्या बाजारातले स्वस्त मासे घ्यायचे, साफ करायचे आणि शिजवायचे कसे

मराठवाड्यात मासे घ्यायला गेलं की तोंडी ठरलेली नावं येतात: मरळ, वाम, रोहू, कटला आणि हात सैल असला तर पापलेट-सुरमई. त्याच पाटीच्या कडेला चिलापी, मृगळ, चंदेरा (सिल्व्हर कार्प), सायप्रिनस (कॉमन कार्प), शिंगटी, बांगडा पडलेले असतात. भाव कमी, तरी नवखं गिऱ्हाईक तिकडे बघत नाही.

हे मासे वाईट म्हणून स्वस्त नाहीत. एकाला काटे जास्त, दुसऱ्याला गाळाचा वास, तिसरा दिसायला नकोसा, चौथा लवकर उतरतो. प्रत्येकाचं एक ठरलेलं दुखणं आहे आणि त्यावर एक ठरलेला उपायही आहे. रोहूची पद्धत चंदेऱ्याला लावली की कालवणाचा लगदा होतो आणि दोष माशाला लागतो. म्हणून मासा निवडताना नावाऐवजी त्याचं अंग बघायचं: काटा कसला, चरबी किती, मांस घट्ट की मऊ.

पहिली पायरी: कशाच्या जागी काय हवंय ते ठरवा

अख्खा मासा तव्यावर कुरकुरीत हवा, म्हणजे पापलेटची हौस भागवायची असेल, तर चिलापी घ्या. समुद्राचा माल मिळत असेल तर राणी मासा किंवा ढोमाही चालतो. सुरमईसारखे गोल काप हवे असतील तर मोठा शिंगाळा किंवा पंगस (तळ्यात पाळलेला मिशाळ मासा). मरळीसारखा बारीक काट्याविना रस्सा हवा असेल तर शिंगटी. रोहू-कटल्याच्या जागी मृगळ, सायप्रिनस, गवत्या (ग्रास कार्प) आणि चंदेरा आहेत. मात्र या चौघांनाही रोहूइतकेच किंवा थोडे जास्त काटे असतात. घरात लहान लेकरं किंवा काट्याची धास्ती असलेली माणसं असतील तर सुरुवात चिलापी किंवा शिंगटीनं करा, मृगळ-चंदेऱ्याकडे नंतर वळा.

काट्यांचा फरक नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. रोहू, कटला, मृगळ, सायप्रिनस, चंदेरा, गवत्या एकाच कुळातले. त्यांच्या पाठीच्या आणि शेपटीच्या मांसात बेचकीसारखे बारीक काटे सुटे रुतलेले असतात. ते मणक्याला जोडलेले नसतात, म्हणून मधला काटा ओढला तरी निघत नाहीत. चिलापी, मरळ आणि शिंगटीला हे सुटे काटे नसतात. त्यांचा मणका आणि बरगड्या काढल्या की राहतं ते निव्वळ मांस. मरळीच्या भावात या सोयीचा मोठा वाटा आहे. शिवाय तिला हवेतून श्वास घेता येत असल्यानं ती टबात जिवंत विकता येते. चिलापीत ती बिनकाट्याची सोय फार कमी पैशांत मिळते.

नावांचा घोळ

पाच कोसांवर माशाचं नाव बदलतं. चिलापीला कुणी टिलापी म्हणतं, कुणी तिलापिया. चंदेऱ्याला विक्रेते नुसतं ‘सिल्व्हर’ म्हणतात. नदीतल्या मोठ्या मिशाळ माशाला शिंगाळा म्हणतात, पण समुद्रातल्या वेगळ्याच मिशाळ माशालाही शिंगाळाच म्हणतात. म्हणून नाव विचारून थांबू नका. ‘मामा, हा धरणाचा का बर्फाचा? कुठून आला?’ एवढं विचारलं तरी बरंच कळतं.

दोन बाबतींत डोळ्यांत तेल घालून बघा. पहिला रूपचंद. हा गोड्या पाण्यातला, तळ्यात पाळलेला मासा चपटा आणि गोलसर असतो, म्हणून ‘पापलेट’ सांगून विकला जातो. ओळख सोपी आहे. रूपचंदाच्या पोटाखाली परांची जोडी असते आणि शेपटीच्या थोडं आधी पाठीवर मांसाचा एक छोटा पर असतो. खऱ्या रुपेरी पापलेटला हे दोन्ही नसतात. तोंड उघडून बघितलं तर रूपचंदाला माणसाच्या दाढांसारखे दात दिसतात. छाती-पोटाकडे लालसर झाक असते. मासा खायला चांगला आहे, फक्त रूपचंदाच्या भावानं घ्या.

दुसरा थाई मागूर. टबात जिवंत वळवळणारा, मोठा, काळपट-करडा, अंगावर ढगाळ डाग असलेला मिशाळ मासा ‘मागूर’ म्हणून अगदी स्वस्तात मिळाला तर घेऊ नका. देशात त्याच्या पालनावर २००० सालापासून बंदी आहे. तो स्थानिक मासे फस्त करतो आणि अनेकदा कत्तलखान्याच्या टाकाऊ मांसावर वाढवलेला असतो. देशी मागूर आकारानं लहान आणि तपकिरी असतो, आणि तो स्वस्त मिळत नाही.

कधी आणि कुठे घ्यायचा

मराठवाड्यात मासा तीन वाटांनी येतो. पहिली वाट धरणांची: पैठणचा नाथसागर, माजलगाव, मांजरा, येलदरी, सिद्धेश्वर, नांदेडचं विष्णुपुरी आणि गावोगावचे तलाव. रात्री लावलेली जाळी पहाटे उचलली जातात, त्यामुळे सकाळी लवकर गेलात तर काही तासांपूर्वीचा मासा मिळतो. दुसरी वाट आंध्राची. आपल्या गोदावरीच्याच मुखाकडच्या तळ्यांतून रोहू, कटला, पंगस, रूपचंद बर्फाच्या पेट्यांत ट्रकनं येतात. तिसरी कोकण-मुंबईची, समुद्राच्या मालाची. धरण कोरडं पडलं की पहिली वाट बंद होते. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तशा वर्षी धरणाचा मासा शोधून मिळत नाही आणि बर्फाच्या मालावरच भागवावं लागतं.

भावाचं गणित तिथीवारावर चालतं. मृग निघाला की मासा खायची रीत आहे, त्या दिवशी मरळीला हात लावता येत नाही. चिलापीसुद्धा महाग होते. रविवार-बुधवारी भाव चढे असतात. श्रावणात बहुतेक घरं मासा खात नाहीत, खाणाऱ्यांना तेव्हा स्वस्त मिळतो. १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांच्या मासेमारीला बंदी असते. त्या दोन महिन्यांत ‘ताजी सुरमई’ म्हणून दिसणारा बराच माल शीतगृहातला असतो. तेव्हा धरणाची चिलापी घेणं शहाणपणाचं.

एप्रिल-मेमध्ये धरणं आटतात, मासा उथळ पाण्यात गोळा होतो, आवक वाढते आणि भाव पडतो. पण याच दिवसांत गाळाचा वास सगळ्यांत जास्त असतो. प्राणवायू कमी पडून मासे आपोआप मरून तरंगतात, ते गोळा करून विकलेलेही असतात. पोट फुगलेला, कल्ले फिके पडलेला मासा फुकट मिळाला तरी नको.

पारख

कल्ला उचलून बघा. आत लालभडक हवा. तपकिरी, करडा किंवा चिकट असेल तर सोडून द्या. पाठीच्या मांसात अंगठा दाबा, खळगा लगेच भरून आला पाहिजे. डोळा फुगीर आणि स्वच्छ असावा असं सांगतात ते धरणाच्या माशाला लागू पडतं. बर्फात राहिलेल्या माशाचा डोळा बर्फानंच पांढुरका होतो, तिथे कल्ला आणि पोट बघून ठरवा. पोटाची चामडी फाटलेली आणि बरगड्या बाहेर आलेल्या असतील तर आतडी सडायला लागलेली आहेत.

आपल्याकडे उन्हाळ्यात चाळीसच्या वर पारा जातो, म्हणून पिशवीत मासा घालून भाजी, किराणा करत फिरायचं नाही. झाकणाचा स्टीलचा डबा न्या, विक्रेत्याकडूनच माशाइतक्या वजनाचा बर्फ घ्या. मासा शेवटी घ्यायचा आणि सरळ घर गाठायचं.

खरा भाव काढा

किलोचा भाव फसवा असतो. चिलापीचं डोकं मोठं असतं, पूर्ण काटे काढलेलं मांस अख्ख्या वजनाच्या साधारण एक तृतीयांश भरतं. समजा, चिलापी १५० रुपये किलो आहे, तर निव्वळ मांस ४५० रुपये किलो पडलं. हा आकडा बघून घाबरू नका, कारण अख्खी तळली तर डोक्याजवळचं, गालाचं मांसही खाल्लं जातं. कटल्याचं आणि चंदेऱ्याचं डोकं तर खूपच मोठं असतं. ते टाकून दिलं तर स्वस्त मासा महागात पडतो, रश्शात घातलं तर वसूल होतं. एकदा घरच्या काट्यावर साफ करण्याआधी आणि नंतर वजन करा. आपल्या घरात कोणता मासा खरा स्वस्त ते तेव्हाच कळेल.

आकारही महत्त्वाचा. चिलापी ३०० ते ५०० ग्रॅमची घ्या. त्याहून लहान असेल तर काटेच जास्त. मृगळ, सायप्रिनस, चंदेरा मात्र जितका मोठा तितका बरा, दीड किलोच्या पुढचा. मोठ्या माशाचे बेचकीकाटे जाड असतात, ताटात दिसतात, बोटांनी निघतात. अर्ध्या किलोच्या मृगळात तेच काटे केसासारखे असतात आणि घशात अडकतात. ‘पहिल्यांदा करतोय तर लहान घेऊ’ असं म्हणून बरेच जण नेमका चुकीचा मासा उचलतात.

साफ करणं

विक्रेता खवलं काढून तुकडे करून देतो, पण गर्दीत तो पोटाची आतली बाजू नीट खरवडत नाही. ते घरी करायचं.

कल्ले पूर्ण उपटून काढा. मुंडकं रश्शात घालायचं असेल तर हे नक्कीच, कारण रक्त आणि गाळ तिथेच साठतो. पोट चिरताना सुरीचं टोक खोल घालू नका. डोक्याकडच्या बाजूला हिरव्या पित्ताची पिशवी असते, ती फुटली की आजूबाजूचं मांस कडू होतं. फुटलीच तर तेवढा भाग कापून टाका आणि लगेच मिठानं चोळून धुवा. शिजवल्यावर कडवटपणा जात नाही. काही जण ‘गुणकारी’ म्हणून रोहू, मृगळ किंवा गवत्याचं पित्त कच्चं गिळतात. हे कुणीही, कधीही करू नये. या कुळातल्या माशांचं पित्त विषारी असतं, त्यानं मूत्रपिंडं निकामी होतात.

चिलापी, चंदेरा आणि गवत्याच्या पोटात आतून काळा पातळ पापुद्रा असतो. तो चमच्यानं किंवा खरखरीत कापडानं पूर्ण खरवडून काढा. वास आणि कडवटपणा बराचसा तिथून येतो. मग मणक्याच्या खालची रक्ताची काळपट रेघ अंगठ्याच्या नखानं फोडून वाहत्या पाण्यात धुवा.

शिंगटी, वाम असल्या खवलं न दिसणाऱ्या माशांना बुळबुळीत थर असतो. चुलीची चाळलेली राख चोळली की तो हातात येतो. राख नसेल तर जाडं मीठ आणि ज्वारीचं पीठ चालतं.

गाळाचा वास

‘धरणाचा मासा वशाट लागतो’ ही तक्रार खरी आहे. पाण्यातल्या निळ्या-हिरव्या शेवाळातून आणि गाळातल्या सूक्ष्म जिवांतून एक द्रव्य सुटतं आणि ते माशाच्या चरबीत मुरतं. पहिल्या पावसानंतर ओल्या मातीला येतो तो वासही त्याच द्रव्याचा. ते चरबीत असतं, म्हणून नुसतं पाण्यानं दहा वेळा धुवून जात नाही.

उपाय दोन. एक, चरबी काढा: कातडीखाली दोन्ही कुशींना मधोमध जी लालसर-तपकिरी मांसाची पट्टी असते ती आणि पोटाच्या कडेची पिवळी चरबी. सायप्रिनसला हे केलंच पाहिजे, तो तळाचा गाळ उकरून खातो. दोन, आंबट लावा, कारण आंबटानं ते द्रव्य मोडतं. किलोभर साफ माशाला लिंबाएवढी चिंच अर्धी वाटी पाण्यात कोळून, दोन चमचे मीठ आणि एक चमचा हळद मिसळून १५ मिनिटं लावून ठेवा, मग धुवा. चिंचेऐवजी दोन लिंबांचा रस किंवा दोन वाट्या आंबट ताक चालतं, ताकाला अर्धा तास द्या. जास्त वेळ आंबटात ठेवला तर मांस वरून पांढरं, भुसभुशीत होतं आणि तळताना तव्याला धरतं.

नांदेड, देगलूरकडे रश्शातच अंबाडीची भाजी घालतात ती याच कामाला येते. चिंच आणि अंबाडी दोन्ही घातली तर मीठ-तिखट वाढवावं लागतं, म्हणून सुरुवातीला एकच वापरा.

चिलापी: पहिला प्रयोग हाच

चिलापी आपली नाही, १९५२ साली भारतात आणली. तिची मादी अंडी आणि पिलं तोंडात सांभाळते, त्यामुळे बीज न सोडताही तलावात तिची संख्या वाढत राहते. म्हणून ती बारमाही स्वस्त. पाठीच्या पराचे काटे टोकदार असतात, साफ करताना हाताला लागतात. आधी कात्रीनं ते कापून टाका.

अख्खी तळण्यासाठी दोन्ही बाजूंनी तिरके तीन-तीन काप द्या, मणक्याला सुरी टेकेपर्यंत. हे न केल्यामुळे बाहेरून करपते आणि पाठीजवळ कच्ची राहते. चिंचेच्या पाण्यातून धुतल्यावर फडक्यानं टिपून कोरडी करा. चार माशांना दोन चमचे लसूण-आल्याचं वाटण, दोन चमचे लाल तिखट, अर्धा चमचा हळद, चवीला मीठ लावा, कापांच्या आत बोटानं भरा आणि अर्धा तास ठेवा. घोळवायला तीन भाग ज्वारीचं पीठ आणि एक भाग रवा. नुसत्या ज्वारीच्या पिठाचा थर गार झाल्यावर चिवट होतो, रव्यानं कुरकुरीत राहतो. करडईचं तेल असेल तर उत्तम. पिठाची चिमूट टाकल्यावर लगेच वर आली की मासा सोडा. मध्यम आचेवर एका बाजूला सहा-सात मिनिटं, आणि तोवर उलथनं लावायचं नाही. खालची बाजू भाजली की मासा आपोआप तवा सोडतो. आधी उचकटलात तर कातडी तव्यावर राहते.

मृगळ, सायप्रिनस, चंदेरा: काट्यावर मात

या माशांचे तुकडे वेगवेगळे वापरायचे. पोटाच्या पेटीच्या तुकड्यात फक्त मोठ्या बरगड्या असतात, बेचकीकाटे नसतात. ते लेकरांना आणि पाहुण्यांना. मधल्या पाठीचे तुकडे रश्शाला. शेपटीकडे काटे सगळ्यांत दाट असतात, तो भाग तसाच वाढू नका. शेपटीचे तुकडे दहा मिनिटं वाफवा, मांस चमच्यानं आणि बोटांनी सोडवून काटे वेचा, मग दोन वाट्या मांसाला एक वाटी उकडलेला बटाटा, हिरवी मिरची, कोथिंबीर घालून वडे थापा.

तळायचं असेल तर एक युक्ती आहे. पाठीच्या तुकड्याला कातडीच्या बाजूनं ३-४ मिलीमीटर अंतरावर समांतर काप द्या, आरपार नाही. प्रत्येक काटा दोन-तीन जागी कापला जातो. मग भरपूर तापलेल्या तेलात तळलं की ते छोटे तुकडे कुरकुरीत होऊन चावले जातात. कमी तेलात, मंद आचेवर हे साधत नाही.

रश्शाचं प्रमाण किलोभर माशाला असं: दोन कांदे जाळावर भाजून, ५० ग्रॅम भाजलेलं सुकं खोबरं, १०-१२ लसूण पाकळ्या, इंचभर आलं, सगळं बारीक वाटून. चार मोठे चमचे तेलात हे वाटण तेल सुटेपर्यंत परता, दोन ते तीन चमचे काळं तिखट घाला, गरम पाणी ओता. येसूर (भाजलेल्या धान्याचं मसाल्याचं पीठ) वापरणार असाल तर एक मोठा चमचा गार पाण्यात कालवून मग घाला. कोरडा टाकला की त्याच्या गाठी होतात, कारण त्यात धान्याचं पीठ असतं. चिंचेचा कोळ घालून रस्सा दहा मिनिटं उकळू द्या. मासा त्यानंतर. आधी मासा घालून मसाला शिजवत बसलं की मासा फुटतो. मासा घातल्यावर आठ-दहा मिनिटं पुरे, पळी घालायची नाही, पातेलं दोन्ही हातांनी धरून हलवायचं.

चंदेऱ्याला एक पायरी जास्त लागते. तो पाण्यातलं सूक्ष्म शेवाळ गाळून खातो, त्याचं मांस मऊ आणि चरबीचं असतं, त्यामुळे उकळत्या रश्शात सुटतं आणि मासा इतरांपेक्षा लवकर खराबही होतो. तुकड्यांना मीठ-हळद लावून, पिठाशिवाय, दोन्ही बाजूंनी दोन-दोन मिनिटं तळून घ्या आणि मग रश्शात सोडा. चंदेरा दुसऱ्या दिवसासाठी कच्चा ठेवायचा नाही, आणला त्याच दिवशी करायचा. त्याच्या भल्यामोठ्या डोक्याचा रस्सा मात्र अप्रतिम होतो, ते फेकू नका.

शिंगटी

मिशा आणि काळपट कातडी बघून लोक तोंड फिरवतात. रश्शाला मात्र मरळीच्या सगळ्यांत जवळ जाणारी तीच. तिला तीन काटे असतात, एक पाठीवर आणि एकेक दोन्ही बाजूच्या परांत. टोचले तर ठणकतात, कारण त्यांच्यावर विष असतं. विक्रेत्याकडूनच मोडून घ्या. घरी टोचलंच तर हात सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवा, ठणका कमी होतो. सूज वाढली किंवा काट्याचं टोक आत राहिलं तर दवाखाना गाठा. राखेनं चोळून साफ केलेली शिंगटी वरच्याच रश्शात आठ मिनिटांत शिजते. काटा फक्त मधला.

पंगस

मोठे गोल काप, बारीक काटे नाहीत, वर्षभर मिळतो. दुखणं म्हणजे चरबी आणि पाणी. कापांना मीठ लावून २० मिनिटं चाळणीत निथळत ठेवा, टिपून घ्या, मगच मसाला लावा. नाहीतर तव्यात पाणी सुटतं आणि मासा तळण्याऐवजी उकडतो. नारळाच्या वाटणात तो आणखी तेलकट लागतो, कोरड्या तिखट मसाल्यात चांगला.

समुद्राचे स्वस्त मासे

बांगडा आणि तारली चवीला दमदार आणि तेलाचे मासे आहेत. पण किनाऱ्यापासून इतक्या दूर त्यांची एक जोखीम आहे ती पक्की ध्यानात ठेवा. हे मासे उन्हात किंवा बर्फाविना राहिले की त्यांच्यात हिस्टामिन तयार होतं. वास यायच्या आधीच ते झालेलं असू शकतं आणि शिजवून, तळून ते जात नाही. खाल्ल्यावर थोड्याच वेळात तोंड लाल होतं, अंगावर पुरळ उठतं, डोकं दुखतं, जिभेला मिरीसारखी चुरचुर जाणवते. असं झालं तर खाणं थांबवा आणि डॉक्टरांकडे जा. बर्फात पुरलेला, पाठ चमकदार, अंग ताठ असाच बांगडा घ्या. वरवर दोन बर्फाचे खडे ठेवलेला नको. घरी आणल्यावर खोलीत तासभरही उघडा ठेवू नका.

राणी मासा गुलाबी, पांढऱ्या नाजूक मांसाचा असतो. ढोमाही तसाच. दोघांनाही कमी मसाला आणि थोडा वेळ, तव्यावर तीन-चार मिनिटं एका बाजूला. काळ्या मसाल्यात यांची चव हरवते. मांदेली मिळाली तर डोकं-पोट काढून, मीठ-हळद-तिखट लावून खरपूस तळा, काट्यासकट खाता येते.

बारीक मासे आणि सुकट

आठवडी बाजारात बोटाएवढ्या माशांचा ढीग दिसतो. गावागावात नावं वेगळी, काम एकच. पोट दाबून घाण काढायची, दोन-तीनदा मिठाच्या पाण्यात धुवायचे, पूर्ण निथळवून ज्वारीच्या पिठात कडक तळायचे. वेळ लागतो तो साफ करायला, अर्ध्या किलोला तासभर सहज, म्हणून कुणी घेत नाही आणि म्हणून स्वस्त असतात. दोघं-तिघं मिळून बसा.

ताजा मासा मिळतच नाही अशा गावात सुकट आणि सुके बोंबील आहेत. सुकट घेताना मूठभर हातात घेऊन चुरडा: कोरडी खडखडीत हवी, ओलसर चिकटली तर बुरशी धरणार. अमोनियासारखा नाकात झोंबणारा वास नको. खारवलेल्या माशावर गुलाबी-लाल डाग दिसले तर ती मिठात वाढणारी बाधा आहे, तो माल सोडा.

सुकट करताना आधी चाळून रेती काढा, कोरड्या तव्यावर मंद आचेवर चार-पाच मिनिटं भाजा, मग दोन पाण्यांत भराभर धुवून पिळून घ्या. आधी धुवून मग भाजायला घेतलं की ती चिवट होते आणि वासही राहतो. सुक्या बोंबलांचं डोकं-शेपूट काढून दोन-दोन इंचांचे तुकडे करा, भाजून घ्या आणि दहा मिनिटं गरम पाण्यात भिजवा. वांग्यात किंवा नुसत्या कांदा-लसूण-काळ्या तिखटात, भाकरीसोबत.

वर्षाची सुकट पावसाआधी, एप्रिल-मेमध्ये भरा. घरी आणल्यावर पुन्हा दोन कडक उन्हं द्या, गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. गरम असतानाच डबा बंद केला तर आतच घाम सुटतो आणि आषाढ लागायच्या आत बुरशी येते. पावसाळ्यात डबा उघडायचा तो कोरड्या हातानं, लागेल तेवढी सुकट काढून लगेच बंद. मोठ्या डब्याऐवजी तीन-चार लहान डबे केले तर एकाला दमट हवा लागली तरी बाकीचे टिकतात.